डेथ व्हॅलीतला आर्टिस्ट्स ड्राइव्ह: गाडी कोणती, वेळ कोणती, आणि नेमकं काय पाहायचं?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात लास वेगासहून कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरतंय. दिवस एकच, रात्री मुक्कामाला परत वेगास. आम्ही अकरा जण आहोत. त्यात चौघं सत्तरीच्या घरातले, पुण्याहून आलेले. फार चालणं जमणार नाही, पण गाडीत बसून जेवढं पाहता येईल तेवढं सगळं त्यांना पाहायचंय.

सगळ्यांत जास्त उत्सुकता आर्टिस्ट्स ड्राइव्हची, म्हणजे तिथल्या रंगीत डोंगरांतून जाणाऱ्या रस्त्याची आहे. तीन-चार गोष्टी नीट कळत नाहीयेत:

रस्ता एकेरी आहे म्हणतात, तर शिरायचं कुठून? पंधरा आसनी व्हॅन चालते का, की दोन एसयूव्ही घ्याव्यात? सकाळी जावं की दुपारी? फोटोंत डोंगर हिरवे-जांभळे दिसतात, ते प्रत्यक्षातही तसेच असतात की रंग वाढवलेले असतात? आणि त्या रंगांमागचं कारण कुणी नीट समजावून सांगेल का? बाबांना भूगर्भशास्त्राची आवड आहे, ते वाटेत विचारणारच.

चाकोरीबाहेर

आधी रस्त्याचं बोलतो.

फर्नेस क्रीक या उद्यानातल्या वस्तीच्या थोडं पुढे हायवे १९० वरून बॅडवॉटर रोड दक्षिणेला फुटतो. त्या फाट्यापासून साधारण पाच मैलांवर डावीकडे आर्टिस्ट्स ड्राइव्हचं एक तोंड दिसतं. ते बाहेर पडायचं तोंड आहे, तिथून आत वळायचं नाही. आणखी साडेतीन मैल पुढे गेलात की आत शिरायचा फाटा येतो. रस्ता नऊ मैलांचा, म्हणजे साडेचौदा किलोमीटरचा, पूर्ण डांबरी आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे एकेरी. साधी सेडानसुद्धा आरामात जाते. न थांबता पाऊण तास धरा, थांबत गेलात तर दीड तास.

गाडीच्या लांबीची मर्यादा २५ फूट आहे आणि ती खरोखर पाळायची आहे. वळणं आवळ आहेत, काही ठिकाणी रस्ता दोन्ही बाजूंच्या खडकांमधून जेमतेम एका गाडीपुरता जातो. लांब गाडी अडकली तर मागे घ्यायला जागा नाही, आणि एकेरी रस्ता असल्यामुळे मागच्या सगळ्यांची वाट अडते. तुमची पंधरा आसनी व्हॅन मात्र बसते. फोर्ड ट्रान्झिटचं सर्वांत लांब मॉडेल सुमारे २२ फूट आहे, बारा आसनी त्याहून दोन-अडीच फूट आखूड. अडचण होते ती आरव्हीवाल्यांची, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाड्यांची. '२५ फुटी' म्हणून भाड्याने मिळणारी आरव्ही मागची शिडी आणि सायकलचा रॅक धरला की मर्यादेबाहेर जाते.

लांबीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे रस्त्यातले खड्डेवजा उतार. त्यांना तिथे 'डिप' म्हणतात. डोंगरातून येणारे कोरडे ओढे या रस्त्याला जागोजागी आडवे जातात. त्यांवर पूल किंवा मोऱ्या बांधलेल्या नाहीत, रस्ताच ओढ्याच्या पात्रात उतरवून पलीकडे चढवलाय. आपल्याकडच्या फरशी पुलासारखीच योजना: पूर आला तर पाणी रस्त्यावरून निघून जावं. मोरी घातली असती तर पहिल्याच लोंढ्यातल्या दगडगोट्यांनी ती बुजली असती. या डिपमध्ये दोन गोष्टी बिघडतात. एक, चढाच्या माथ्यावर समोरचं काहीच दिसत नाही, आणि पलीकडे सायकलवाला किंवा फोटो काढायला उभं राहिलेलं कुणीतरी असू शकतं. दोन, लांब व्हॅनचं मागचं टोक चाकाच्या बरंच मागे असतं. वेगात डिपमध्ये उतरलात की पुढचा भाग चढू लागतो आणि मागचा बंपर डांबराला घासतो. अकरा माणसं आणि सामान असेल तर स्प्रिंगा आधीच दबलेल्या असतात, मग घासण्याची शक्यता वाढते. उपाय सोपा आहे. डिपच्या आधीच ब्रेक दाबून ताशी दहा-पंधरा मैलांवर या, तळात ब्रेक सोडून द्या आणि चढाला हलका वेग घ्या. तळात असताना ब्रेक दाबला तर पुढचं तोंड आणखी खाली जातं.

व्हॅन की दोन एसयूव्ही? ज्येष्ठ मंडळी बरोबर आहेत म्हणून मी दोन एसयूव्ही घ्या म्हणेन. पंधरा आसनी व्हॅनची शेवटची रांग मागच्या चाकांच्याही मागे येते, डिपमध्ये तिथे बसलेल्यांची पाठ धरते. शिवाय भरलेली व्हॅन आडव्या वाऱ्यात डोलते. या पार्कमध्ये उन्हाने होणाऱ्या मृत्यूंची चर्चा फार होते, पण इथे जास्त माणसं दगावतात ती एकट्या गाडीच्या अपघातात: वेग, मोकळा सरळ रस्ता, चाक कडेच्या खडीवर उतरणं, घाबरून स्टिअरिंग जोरात फिरवणं आणि गाडी उलटणं. चाक खडीवर गेलंच तर स्टिअरिंग सरळ धरून पाय ॲक्सिलरेटरवरून काढा आणि वेग उतरल्यावरच हळूच डांबरावर या.

खडकवेडा

रंग खरे आहेत. फोटोंत ते थोडे भडक केलेले असतात हेही खरं, पण योग्य उजेडात डोंगर खरोखर हिरवा, गुलाबी, पिवळा आणि जांभळट दिसतो. भर दुपारी बाराच्या उन्हात सगळंच फिकट आणि मळकं वाटतं. असं पाहून 'फोटोत होतं तसं काही नाही' म्हणत निराश होऊन परत जाणारे पुष्कळ.

आता कारण. या रस्त्यालगतच्या रंगीत थरांना 'आर्टिस्ट ड्राइव्ह फॉर्मेशन' म्हणतात. ते मायोसीन काळातले, म्हणजे ५० लाख वर्षांहून जुने आहेत. ज्वालामुखीची राख, लाव्हा, आणि तेव्हाच्या ओढ्यांनी आणून टाकलेले गोटे व वाळू असे एकावर एक थर साचले. नंतर त्यांतून खनिजं विरघळलेलं गरम पाणी फिरलं. राखेचे कण मुळात काचेसारखे असतात आणि काच रासायनिकदृष्ट्या अस्थिर, म्हणून गरम पाण्याने ती पटकन बदलते आणि तिच्या जागी नवी खनिजं तयार होतात. रंग आले ते याच बदलातून. लाल, गुलाबी आणि पिवळा हे लोहाच्या ऑक्साइडांचे: हेमटाइट असेल तर लाल, पाणी धरून ठेवणारं गोएथाइट-लिमोनाइट असेल तर पिवळा-तपकिरी. हिरवा रंग अभ्रक आणि क्लोराइटसारख्या हिरव्या खनिजांचा. जांभळट छटा मँगनीजची.

बाबांना कोकणातला जांभा ठाऊक असेलच. त्याचा तांबडा रंगही लोहाच्या ऑक्साइडांचाच, पण वाट उलटी आहे. जांभा तयार होतो तो धो-धो पावसाने वरून खाली बाकी सगळं धुऊन नेल्यावर, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरून. इथे काम केलं ते खालून आलेल्या गरम पाण्याने. आणि इथल्या तळाला वर्षाला सरासरी जेमतेम दोन इंच पाऊस, त्यामुळे माती नाही, झाडोरा नाही, खडक उघडाच राहतो. सह्याद्रीत असेच थर असते तर पहिल्याच पावसाळ्यात गवताखाली गेले असते.

हे सगळं गाडीतून कसं वाचायचं ते सांगतो. आत शिरल्यावर रस्ता आधी डोंगराकडे चढत जातो. ही चढण म्हणजे जलोढ पंखा: डोंगरातल्या घळीतून पुरांनी आणलेला गाळ तोंडाशी पंख्यासारखा पसरलेला. इथले दगड कोपऱ्याकोपऱ्याचे, धारदार आहेत, गोटे नाहीत. ते फार लांबून आलेले नाहीत, म्हणून घासून गोल व्हायला वेळच मिळाला नाही. काही दगडांवर काळसर तकाकी दिसेल. तो मँगनीज, लोह आणि चिकणमातीचा मिलिमीटरहूनही कितीतरी पातळ थर असतो, तो चढायला हजारो वर्षं लागतात आणि आतला दगड साधा फिकट असतो. पंख्याच्या ज्या भागावर हा काळा थर दाट, तो भाग जुना. जिथे दगड फिके, तिथे अलीकडे पूर येऊन गेलाय. एकाच पंख्यावर काळे आणि फिके पट्टे शेजारी-शेजारी दिसतात, त्यावरून ओढ्याने प्रवाह कुठे कुठे बदलला ते गाडीच्या खिडकीतून सांगता येतं.

पुढे रस्ता उत्तरेला वळला की उजवीकडे ब्लॅक माउंटन्स आणि डावीकडे खाली मिठाचं मैदान. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, म्हणजे डोंगर सोबत्याच्या बाजूला येतो. वडीलधाऱ्यांना उजव्या खिडक्या द्या.

एका ठिकाणी थांबून डावीकडे दरीच्या पलीकडे पाहा. पॅनामिंट डोंगरांच्या पायथ्याचे पंखे प्रचंड मोठे आहेत, एकमेकांत मिसळून गेलेले. आणि तुमच्या बाजूचे पंखे छोटे, उभट. कारण असं की दरीचा तळ पूर्वेकडे कलत खचतोय. ब्लॅक माउंटन्सच्या पायथ्याशी जो भ्रंश, म्हणजे खडक सरकतात ती भेग, आहे त्याच्या बाजूने तळ खाली जातो, त्यामुळे या बाजूचा गाळ मैदानाच्या गाळात गाडला जातो आणि पंख्याला वाढायला वावच मिळत नाही. सर्वांत खोल जागा, बॅडवॉटर, दरीच्या मध्यावर नसून पूर्वेच्या कड्याला खेटून आहे तीही त्यामुळेच. ती समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे, आणि तिच्या डोक्यावरच्या कड्यातले खडक सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे आठ-दहा मैलांच्या अंतरात तुम्ही १७० कोटी वर्षं जुना खडक, ५० लाखांहून जास्त वर्षांची राख आणि गेल्या पुरात आलेली खडी, तिन्ही पाहता. एवढं सगळं डांबरी रस्त्यावरून बसल्या जागी दाखवणारी ठिकाणं फार थोडी आहेत, म्हणून घाईने उरकू नका.

पाऊलवाट

दोघांचेही मनापासून आभार. बाबांना हे वाचून दाखवलं, त्यांनी कागदावर आकृती काढून घेतलीये.

आणखी थोडं विचारते. टायटस कॅनियनचा रस्ता याहून भारी आहे असं वाचलं, तो जमेल का? आईला घाटात गाडी लागते, त्याचं काय करावं? आणि भाचा पुण्याहून येतोय, त्याचं लायसन्स महाराष्ट्राचं आहे. तो दुसरी गाडी चालवू शकेल का? शिवाय दिवसाचं वेळापत्रक कुणी आखून देईल का?

चाकोरीबाहेर

टायटस कॅनियन या वेळी सोडा. रस्ता जबरदस्त आहे यात वाद नाही. नेवाडाच्या बाजूने, बीटी गावाजवळून शिरून २७ मैलांचा एकेरी कच्चा रस्ता, मध्ये पाच हजार फुटांवरची रेड पास नावाची खिंड, १९२६ मध्ये शिशाच्या खाणीच्या गाजावाजाने वसलेलं आणि वर्षभरात ओस पडलेलं लेडफील्ड गाव, आणि शेवटी चुनखडकाच्या उभ्या भिंतींमधली वीस फुटांहून अरुंद घळ. पण त्याला जमिनीपासून उंच असलेली गाडी लागते, पुरांनी तो रस्ता वारंवार आणि दीर्घकाळ बंद राहतो, आणि भाड्याच्या गाड्यांच्या करारात कच्चे रस्ते बहुधा वर्ज्य असतात. करार मोडून गेलात आणि टायर फाटला तर विमा हात वर करतो. टोईंगचं बिल ऐकूनच घाम फुटेल अशी ती जागा आहे. ज्येष्ठांच्या पाठीला २७ मैल कच्चा रस्ता नकोच.

कच्च्या रस्त्याची हौस असेल तर झाब्रिस्की पॉइंट या प्रेक्षणीय जागेच्या जवळच ट्वेंटी म्यूल टीम कॅनियन आहे. २.७ मैल, एकेरी, पिवळसर मातकट टेकड्यांमधून जाणारा. पावसानंतर जाऊ नका, ती चिकणमाती आहे, ओली झाली की चाकं फसतात. कोरड्या दिवशी सेडानसुद्धा जाते. मात्र तोही कच्चाच, तेव्हा आधी भाड्याचा करार वाचा.

लायसन्स: कॅलिफोर्निया आणि नेवाडा दोन्हीकडे पाहुण्याला आपल्या देशाच्या वैध लायसन्सवर गाडी चालवता येते. महाराष्ट्राचं स्मार्ट कार्ड इंग्रजीत असतं, त्यामुळे अडचण येऊ नये. तरी गाडी देणाऱ्या काउंटरवर कधी कधी आंतरराष्ट्रीय परवाना मागतात. तो निघण्याआधी आरटीओतून काढून घ्यावा: वर्षभराची मुदत, फी हजार रुपये. भाच्याचं नाव करारात जादा चालक म्हणून आवर्जून घाला. नाव नसताना त्याने चालवली आणि काही झालं तर विमा मिळत नाही. भाचा वयाने पंचविशीच्या आतला असेल तर त्याचे वेगळे पैसे पडतात.

आणि पहिल्यांदाच उजव्या बाजूने चालवणार असेल तर त्याला आर्टिस्ट्स ड्राइव्हवर बसवा. समोरून कुणी येत नाही. चूक होते ती अशा ठिकाणी की एकेरी रस्ता संपून बॅडवॉटर रोडला लागताना माणूस सवयीने डावी बाजू धरतो. त्या तिठ्यावर शेजारी बसलेल्याने मोठ्याने 'उजवीकडे' म्हणायचं.

टायर: भाड्याच्या अनेक गाड्यांत आता स्टेपनी नसते, नुसता हवेचा पंप आणि चिकट द्रवाची बाटली असते. बाजू फाटली तर तिचा काही उपयोग नाही. गाडी घेतानाच डिकी उघडून पाहा आणि स्टेपनीवाली मागा. वेगासहून सकाळच्या थंडीत निघून खाली दरीत उतरलात की टायर-दाबाचा दिवा लागू शकतो. दर दहा अंश फॅरनहाइट थंडीला साधारण एक पीएसआय कमी दाखवतं, आणि दोन हजार फूट उतरल्यावर बाहेरच्या हवेचा दाब वाढल्यामुळे आणखी एखादं. दिवा लागला की घाबरू नका, पण दुर्लक्षही नको. चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला दाब पाहून जवळच्या पंपावर हवा भरा.

निवांत

वेळापत्रक माझ्याकडून घ्या. या एका दिवसाचा कणा एकच: बॅडवॉटर आधी, आर्टिस्ट्स ड्राइव्ह नंतर. बहुतेक जण नकाशावर आधी दिसतो म्हणून आर्टिस्ट्स ड्राइव्ह सकाळी उरकतात. त्यात दोन्हीकडून तोटा. डोंगराचं तोंड पश्चिमेला आहे, सकाळी तो सावलीत किंवा पाठीवर ऊन घेऊन उभा असतो. आणि रस्ता दक्षिणेकडून उत्तरेला असल्यामुळे बाहेर आल्यावर बॅडवॉटरसाठी आल्या वाटेनेच पुन्हा दक्षिणेला जावं लागतं.

वेगासहून साडेसातला निघा. हायवे १६० ने पाह्रम्प, तिथे पेट्रोल पूर्ण भरून घ्या आणि सगळ्यांचं चहापाणी, स्वच्छतागृह उरका. पार्कमध्ये फर्नेस क्रीकला पंप आहे, पण भाव बराच चढा. पाह्रम्पहून बेल व्हिस्टा रोडने डेथ व्हॅली जंक्शन, मग हायवे १९०. फर्नेस क्रीकपर्यंत एकूण १२० मैल, सलग दोन तास. फोनचा नकाशा कधी शोशोनीवरून बॅडवॉटर रोडच्या दक्षिण टोकाने नेतो. तो रस्ता लांबचा आणि एकाकी, पुरानंतर बंदही असतो. १९० च धरा. नकाशे आधीच उतरवून ठेवा, कारण फर्नेस क्रीक आणि स्टोव्हपाइप वेल्स सोडले तर रेंज जवळपास नाहीच.

दांतेज व्ह्यू सकाळीच करा. १९० वरून १३ मैल आत, ५,४७५ फुटांवर. ऊन पाठीमागून असल्यामुळे अख्खी दरी समोर उजळलेली दिसते, आणि खाली बॅडवॉटरचं मीठ पांढऱ्या रांगोळीसारखं पसरलेलं. शेवटचा पाव मैल पंधरा टक्के चढाचा आहे, इथेही २५ फुटांची मर्यादा. उतरताना नुसत्या ब्रेकवर येऊ नका, गिअर खालचा ठेवा. ब्रेक तापल्याचा जळका वास आला तर बाजूला घेऊन थंड होऊ द्या. वर तळापेक्षा बारा-चौदा अंश सेल्सिअस कमी तापमान असतं आणि वारा बोचरा असतो. ज्येष्ठांना कानटोप्या घालूनच गाडीबाहेर काढा.

साडेअकराला झाब्रिस्की पॉइंट. पार्किंगपासून वर जाणारा रस्ता डांबरी आहे, अंतर थोडं पण चढ दम काढणारा. मध्ये एकदा टेकत गेलं तर जमतो. इथल्या पिवळ्या टेकड्या जुन्या तळ्याच्या गाळाच्या आहेत, आणि याच गाळात टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, सापडला. फर्नेस क्रीकजवळ हार्मनी बोरॅक्स वर्क्सचे अवशेष आहेत. तिथून १८८० च्या दशकात वीस जनावरांच्या गाड्यांनी तो १६५ मैलांवरच्या मोहावीच्या रेल्वे स्टेशनात नेत.

दुपारचं जेवण फर्नेस क्रीकला, डबा बरोबर असेल तर उत्तमच. व्हिजिटर सेंटरमध्ये शुल्क भरा: एका गाडीचे ३० डॉलर, सात दिवस चालतात, आतली माणसं कितीही असोत. दोन गाड्या नेल्यात तर दोनदा भरावे लागतील. रस्त्यावर अडवणारं फाटक नाही म्हणून लोक विसरतात. पैसे कार्डानेच घेतात. सवलतीचा ज्येष्ठांचा पास अमेरिकेचे नागरिक आणि ग्रीनकार्डधारक यांनाच मिळतो, व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना नाही.

दीडच्या सुमारास थेट बॅडवॉटर. लाकडी फळ्यांची वाट थेट मिठापर्यंत जाते, चाकाची खुर्चीही जाते. मागे वळून कड्यावर वर पाहा, समुद्रसपाटी कुठे येते ती पाटी दिसेल. तिथून परत उत्तरेला येताना आठेक मैलांवर उजवीकडे आर्टिस्ट्स ड्राइव्हचा फाटा. तीनला आत शिरा. जानेवारीअखेर सूर्य पाचनंतर मावळतो, पण पॅनामिंट डोंगरामुळे इथलं ऊन अर्धा तास आधीच जातं. म्हणजे चांगला उजेड तीन ते सव्वाचार. आर्टिस्ट्स पॅलेट हा मुख्य थांबा साधारण पाच मैल आत आहे, तिथे साडेतीनला पोहोचायला हवं. आत स्वच्छतागृह नाही, बॅडवॉटरलाच उरकून घ्या.

काळोख पडायच्या आत १९० वर लागा. रात्री कायोटी, म्हणजे कोल्ह्यासारखे प्राणी, रस्त्यावर येतात, खाऊ घालू नका, वेग कमी ठेवा.

खडकवेडा

निवांत यांच्या आखणीतली एकच गोष्ट मी बदलेन. चौघं सत्तरीचे असताना दांतेज व्ह्यू गाळा. जाऊन-येऊन सव्वीस मैल आणि साडेपाच हजार फुटांपर्यंतची चढ-उतार, म्हणजे सव्वा-दीड तास गेलाच. त्यातलं काही लांबलं की फटका आर्टिस्ट्स ड्राइव्हला बसतो, आणि मूळ इच्छा तर तीच आहे.

पॅलेटला पोहोचल्यावर नुसतं पार्किंगमधून पाहून परतू नका. ज्यांचे गुडघे ठीक आहेत त्यांनी खाली ओढ्याच्या कोरड्या पात्रात शंभरेक पावलं जावं. पात्रातल्या खडीत हिरवा, गुलाबी, जांभळा असे सगळे तुकडे एकत्र पडलेले असतात. वरचा कोणता थर झिजून खाली येतोय ते समोरच्या उतारावर बोट ठेवून दाखवता येतं. हिरव्या थराचा दगड नखाने टोकरला तर भुगा निघतो, इतका तो मऊ. लाव्हाचा काळा तुकडा मात्र टणटणीत. उतार इतके उभे-आडवे कोरले गेलेत ते या मऊ-टणक थरांच्या फरकामुळे. दगड हातात घेऊन पाहा आणि तिथेच ठेवा, राष्ट्रीय उद्यानातून खडा उचलून नेणं बेकायदेशीर आहे. ड्रोनलाही बंदी आहे. रंगीत उतारांवर चढू नका. राख भुसभुशीत आहे, पाय घसरतो आणि पावलांचे ठसे वर्षानुवर्षं राहतात.

पॅलेट सोडल्यावर लगेच कॅमेरे बंद करू नका. रस्ता त्यानंतर खडकांच्या अरुंद फटीत शिरतो. तिथल्या भिंती नीट पाहिल्या तर त्या अखंड दगडाच्या नाहीत, गोटे आणि वाळू घट्ट चिकटून झालेल्या आहेत, आणि त्यांचे थर तिरके आहेत. ओढ्याने टाकलेली खडी जवळपास सपाटच साचते, नंतर भ्रंशाच्या हालचालींनी ती अशी कलली. बाबांना ही जागा पॅलेटपेक्षाही आवडेल असं वाटतं. मात्र फटीत गाडी थांबवायची नाही, पुढे रुंद जागा येते तिथे थांबून मागे वळून पाहावं.

निवांत

खडकवेडा म्हणतात ते पटलं. दांतेज गाळून निघायची वेळ साडेआठ करा, ज्येष्ठांची झोपही होईल.

गाडी लागण्याबद्दल: आईंना पुढच्या सीटवर बसवा. तशीही डोंगराची बाजू तीच आहे. जेवण हलकं, आणि जेवल्यावर तासभर तरी जाऊ द्या. वरच्या क्रमाने बॅडवॉटर मध्ये आल्यामुळे तो वेळ आपोआप मिळतो. नजर फोनवर नको, लांबवर ठेवावी. काच थोडी उघडी. अव्होमिनसारखी गोळी घेत असतील तर डिपमध्ये शिरण्याआधी तास-दोन तास घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर फारसा उपयोग होत नाही. तिने झोप येते आणि वयस्करांचा तोल जाऊ शकतो, म्हणून रक्तदाबाच्या किंवा इतर औषधांबरोबर चालते का ते आधी डॉक्टरांना विचारा. आणि चालकाने ती घ्यायची नाही.

पाणी जानेवारीतही माणशी चार लिटर धरा. थंडीत तहान लागत नाही, पण हवा कमालीची कोरडी असते, आणि गाडी बंद पडली तर मदत यायला तास-दोन तास सहज जातात. अशा वेळी गाडी सोडून चालत निघायचं नाही.

पाऊलवाट

ठरलं तर. दोन एसयूव्ही, साडेआठला निघणं, दांतेज रद्द, बॅडवॉटर आधी. एकच शंका उरली: त्या दिवशी पावसाचा अंदाज असेल तर बेत रद्द करावा का?

चाकोरीबाहेर

हलक्या भुरभुरीने काही होत नाही, उलट ओल्या खडकाचे रंग जास्त गडद दिसतात. पण 'फ्लॅश फ्लड'चा, म्हणजे अचानक येणाऱ्या पुराचा, इशारा असेल तर आर्टिस्ट्स ड्राइव्हवर जायचं नाही. तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही वर डोंगरात पडलेला पाऊस या डिपमधूनच खाली येतो. उघड्या खडकात पाणी मुरत नाही, त्यामुळे लोंढा मिनिटांत येतो, आणि त्यात पाण्यापेक्षा चिखल-दगडच जास्त असतात. ऑगस्ट २०२२ मध्ये एका दिवसात दीड इंच पाऊस झाला आणि पर्यटक व कर्मचारी मिळून हजारभर माणसं अडकली. पुढच्या वर्षी २० ऑगस्टला हिलरी वादळात २.२ इंच पडला, म्हणजे वर्षभराचा पाऊस एका दिवसात, आणि पार्क कित्येक आठवडे बंद राहिलं. त्यानंतर बॅडवॉटरच्या मैदानावर तळं साचलं, ते २०२४ च्या वसंतापर्यंत टिकलं.

हिवाळ्यातला पाऊस सहसा असा कोसळत नाही, पण पूर ओसरल्यावरही डिपच्या तळात खडी आणि चिखल उरतो. तसं दिसलं तर थांबून, उतरून, खोली पाहून मगच पुढे. वाहतं पाणी असेल तर अजिबात उतरायचं नाही. एकेरी रस्ता असला तरी अशा वेळी गाडी वळवून मागे येणं बरोबर आहे. दिवे आणि इंडिकेटर चालू ठेवून, मागून येणाऱ्यांना हाताने थांबवत यायचं. डिपमध्ये गाडी उभी करून फोटो काढणं कोरड्या दिवशीही नको.

निघायच्या दिवशी सकाळी वेगासला असतानाच उद्यानाच्या संकेतस्थळावर रस्त्यांची स्थिती पाहा. त्यात आर्टिस्ट्स ड्राइव्ह, बॅडवॉटर रोड आणि १९० या तिन्हींची वेगळी नोंद असते. फर्नेस क्रीकच्या व्हिजिटर सेंटरमध्ये शुल्क भरताना रेंजरला पुन्हा एकदा विचारा, कारण सकाळची नोंद दुपारपर्यंत बदललेली असू शकते आणि तिथून पुढे फोन चालणार नाही.